वाळूतल्यांना कुणी सांगितलं?

मी मेल पाठवते आणि लगेच फोन करते. माझी भाची पुण्याला कंपनीत आहे, ती याच्यावरून मला लय छळते. "मावशी, मेल केलास ना? मग फोन कशाला?" मी विचारते, पोचला का? ती म्हणते, पोचला. वाचलास का? वाचला. शेवटपर्यंत वाचलास का? मग ती हसत सुटते आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणते, "बघ, आमच्या मावशीची उलटतपासणी चालू झाली." चालू दे. आणि शेवटचा प्रश्न मी सोडत नाही: आता तू काय करायलीस ते सांग. तोंडानं सांग.

मी भित्री बाई आहे. भित्रेपणाची लाज वाटायची मी कधीच सोडून दिली. नोकरीतली सगळी वर्षं मी निरोप घेण्यात आणि निरोप देण्यात काढली, आणि निरोपाएवढी मला कशाची भीती वाटत नाही. आपण तो पाठवतो, हात झटकतो, आणि तिकडं तो कुठं जाऊन बसतो ते देवाला माहीत.

हे मेल-बिल लोकांना काल-परवाचं वाटतं. आमच्या परभणीच्या कचेरीत ते विद्यापीठाच्या नामांतराचं भांडण चालू होतं त्या काळातच आलं. गच्चीवर एक भली मोठी पांढरी छत्री बसवली. तिच्यातून म्हणे उपग्रहाशी बोलणं व्हायचं. खाली एका खोलीत कॉम्प्युटर ठेवला, खोली थंड करायचं यंत्र लावलं, दाराबाहेर चपला काढायचा हुकूम निघाला. पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडायला बाहेर व्हरांड्यात आलो, कारण बसवायला आलेला इंजिनिअर आत पाण्याचा थेंब येऊ देईना. त्या खोलीची ऑपरेटर मी. एप्रिल-मे आला की अख्ख्या कचेरीला माझ्याकडं काहीतरी काम निघायचं. "काय बाई, काही आलंय का?" म्हणत येत आणि गार हवेत घटकाभर उभे राहत. पाय फरशीवर टेकवून डोळे मिटत. मी कुणाला हाकललं नाही, पण कुणी विडी फुंकत माझ्या मशीनजवळ आलं की मात्र मी खेकसायची.

संदेश आपोआप दारात येऊन पडत नसत. वीज असली, लाइन लागली, की आपण उतरवून घ्यायचे. सगळं इंग्रजीत. आणि पडद्यावर दिसलं म्हणून ते आलं असं कुणी धरत नसे. प्रिंटर करकर करत कागद ओकायचा, त्याच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायच्या, तो कागद बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाची नोंद ठेवायच्या टेबलावर न्यायचा, तिथं शिक्का बसायचा, मग साहेबांकडं, मग ज्याच्या-त्याच्या टेबलावर. ज्यानं वाचला तो कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहायचा आणि खाली आपली सही मारायचा. झालं. 'पाहिले' लिहिलं की माणूस मोकळा. त्या कागदानं कुणाला काही करायला सांगितलंय का, हे बघायची जबाबदारी पुढच्या टेबलाची. पुढच्या टेबलावर पण एक माणूस पेन उघडूनच बसलेला असायचा.

आता थोडं अक्काचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी वडलांनी आम्हाला येलदरीचं धरण दाखवायला नेलं होतं. भिंतीवरून खाली गर्जत पडणारं पाणी बघितलं आणि माझी बोबडी वळली. मी अक्काचा हात असा आवळला की ती ओरडली, "आगं सोड की, बोटांचा भुगा करायलीस!" तिला पाण्याची भीती कसली ती नाहीच. आणि नशीब बघा, लग्न होऊन गेली ती पण गंगाकाठीच. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगाच. तिच्या सासरी गंगेच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावायचे. पाणी ओसरलं की वाळूत चर खणायचे, त्यात खत घालायचं, बी टोचायचं, आणि वेल धरले की सगळं बिऱ्हाड पात्रात हलवायचं. पऱ्हाट्यांची आणि गवताची झोपडी, एक बाज, एक चूल, एक शेळी. राखण करायला कोणीतरी कायम लागतंच. अक्काच्या घरची वाडी पात्राच्या मधोमध एका उंचवट्यावर होती. त्याला ते बेट म्हणायचे. अलीकडून एक धार, पलीकडून एक. उन्हाळ्यात दोन्ही कोरड्या ठणठणीत असायच्या, पोरं त्यांच्यात विटीदांडू खेळायची.

त्या वर्षी अक्काला दिवस गेले होते. लग्नाला किती वर्षं झाली होती, किती नवस झाले होते, ते आता काढत नाही. आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती तेव्हा गेले. बाळंतपणाला ती परभणीला माझ्याकडं यायची होती, मी खोलीत बाज टाकून, शेपा-बाळंतशेपा आणून तयार होते. आणि बाईसाहेब शेवटचा महिना लागला तरी वाळूतच.

बाजारच्या दिवशी दाजी टरबुजं घेऊन परभणीला यायचे. माल उतरवला की एक टरबूज काखेत मारून कचेरीत मला द्यायला यायचे. त्या दिवशी आले तशी मी विचारलं,

"अक्काला का नाही आणलं?"

"आणतो की पुढच्या बाजारला. तिचीच इच्छा न्हाई. म्हणती, एवढा तोडा हू द्या."

"आणि तिथं जवळ कोण आहे?"

"आई हाय की. तुमी लय फिकीर करता बघा. वाळूत गार वारं लागतंय, घरात तिचा जीव गुदमरतोय."

मी तोंड वाकडं केलं. ते हसले, टरबूज माझ्या टेबलाखाली ढकललं आणि बाजाराला गेले. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी आली. मी मशीन चालू केली, लाइन लावली, आणि वरच्या कचेरीतून आदल्या दिवशी निघालेला एक संदेश उतरला.

विषय होता उन्हाळ्यातल्या पाणीवाटपाचा. मग संदर्भ. मग त्या संदर्भाचा संदर्भ. कुठली बैठक झाली, तिच्यात काय ठरलं, कोणत्या शहरांना प्यायला पाणी कमी पडतंय. माझं इंग्रजी कामापुरतं, मी बोट ठेवून वाचत होते. खाली, अगदी खाली, ज्यांना-ज्यांना प्रती माहितीसाठी पाठवल्या त्यांची मारुतीच्या शेपटासारखी रांग लागायच्या जरा वर, एक ओळ होती. वरच्या धरणातून गंगेच्या पात्रात पाणी सोडण्यात आलेलं आहे, ते अमुक दिवशी सूर्यास्ताच्या आत आपल्या हद्दीत पोचेल, पात्रातील संबंधितांना सावध करण्यात यावे.

अमुक दिवस म्हणजे आज.

मी ती ओळ परत वाचली, इंग्रजी आपल्यालाच नीट कळलं नसेल म्हणून परत वाचली. मग कागद फाडला आणि भोकांच्या पट्ट्या न काढताच बारनिशीत पळाले.

साहेब दौऱ्यावर होते, टँकरची गावं बघायला. बारनिशीनं शिक्का मारला आणि कागद पुराच्या टेबलावर पाठवायला उचलला. पण पुराचं टेबल पावसाळ्यात मांडतात. मे महिन्यात त्या खुर्चीवर जुन्या फायली रचलेल्या होत्या. मग पाण्याचा विषय आहे, उन्हाळा आहे, म्हणून कागद गेला टंचाईच्या टेबलावर. आणि टंचाईच्या टेबलावर काय झालं असेल? आनंद! महिनाभर त्या लोकांनी 'पाणी नाही, पाणी नाही' एवढंच ऐकलेलं. लोक हंडे आणून कचेरीच्या दारात आपटत होते. त्या टेबलावरचे भाऊसाहेब उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, गंगेला पाणी यायलंय!" सगळ्या हॉलमध्ये गलका झाला. कुणी म्हणालं, आता विहिरींना पाझर फुटतील. कुणी चहा सांगितला. भाऊसाहेबांनी लगेच फोन फिरवून नदीकाठच्या एका नगरपालिकेला शुभवर्तमान कळवलं, आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पाहिले'.

मी मध्येच उभी. मला वाटलं मी एकटीच वेडी झालेय.

"भाऊसाहेब, वाळूत माणसं आहेत."

"असतील की."

"त्यांना कोण कळवणार?"

"ते तहसीलवाले बघतील. त्यांना प्रत आहे ना?"

"तहसीलला कॉम्प्युटर कुठाय? त्यांची प्रत टपालानं जाणार. परवा पोचेल."

"मग पाटबंधारेवाले कळवतील. बाई, चांगली बातमी आलीय, तुम्ही असं तोंड का केलंय?"

मी कागदावरची नावं वाचत टेबलं फिरले. प्रत्येकाला प्रत होती, म्हणून प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यालाही आहे. कुणी वाईट नव्हतं हो. कुणी कामचुकारही नव्हतं, निदान त्या दिवशी तरी. पण मे महिन्यात पाण्याला भ्यायचं असतं हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आमच्या मुलखात उन्हाळ्यात पाणी आलं की माणूस हात जोडतो. आणि माझ्या डोळ्यापुढं एकच चित्र होतं, अक्का बाजेवर आडवी झालीय, दुपारची झापड लागलीय.

शेवटी मी अव्वल कारकुनांपुढं जाऊन उभी राहिले. साहेब नसले की कचेरी त्यांच्या हातात. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. वालूरच्या व्यापारी घरातले, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, जुन्या हैदराबादी अमलातल्या वडलांकडून अक्षर शिकलेले. मोत्यासारखं अक्षर, आणि नियमाला देवासारखे मानणारे. मी त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. त्यावर मराठीत मी लिहिलं होतं: 'आज दिवस मावळायच्या आत गंगेला पाणी येणार. वाळूतल्या झोपड्यांमधली माणसं आत्ता बाहेर काढा. काढली की उलट कळवा.'

अप्पांनी चष्मा पुसला. "बाई, हे काय? विषय कुठंय? संदर्भ कुठंय?"

"अप्पा, वायरलेसनं जायचंय हे."

"जाऊ द्या ना. पण नियमात जाऊ द्या. 'काढा' असं कुणी लिहितं का? काढण्याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी, असं लिहा. आणि दस्तखत साहेबांचं लागतं. माझ्या दस्तखतानं जात न्हाई."

तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. भर हॉलमध्ये, अव्वल कारकुनावर. "माझी बहीण वाळूत आहे! पोटुशी आहे! कार्यवाही करण्यात यावी म्हणजे कुणी करावी, अप्पा? तुम्ही का मी?"

सगळ्या टेबलांवरच्या माना आमच्याकडं वळल्या. वाटलं, आता नोकरी गेली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, कपाळाच्या भस्माला बोट लावलं. "शिव शिव," म्हणाले, आणि सही केली. ते पण भ्यालेच होते, फक्त कशाला ते वेगळं.

वायरलेसची खोली कचेरीच्या मागं. तिथला हवालदार कानाला यंत्र लावून घामानं निथळत होता. त्या दिवशी नामांतराचा मोर्चा होता, कुठल्या चौकात किती लोक आले, कुठून ट्रॅक्टर निघाले, सगळं त्याच एका यंत्रावरून चाललं होतं. "बाई, लाइन मोकळी न्हाई. बंदोबस्ताचे निरोप आधी." मी दारातच उभी राहिले. जागची हललेच नाही. अधनंमधनं तो माझ्याकडं बघायचा आणि मी नुसती कागद पुढं करायची. शेवटी वैतागून म्हणाला, "आणा इकडं," आणि तालुक्याच्या ठाण्याला तो निरोप वाचून दाखवला. जसाच्या तसा, माझ्या शब्दांत.

तिकडून खरखरत उत्तर आलं. संदेश मिळाला.

"मिळाला म्हणतायत," हवालदार म्हणाला, "झालं का समाधान?"

"काय केलं ते विचारा."

"बाई!"

"विचारा हो दादा. पाया पडते."

त्यानं विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. मध्ये पुन्हा मोर्चाचे निरोप. मी भिंतीला टेकून उभी. मग आलं: संबंधितांना कळविण्यात आले आहे.

"संबंधित म्हणजे कोण?" मी विचारलं.

हवालदार माझ्याकडं बघतच राहिला. "संबंधित म्हणजे... संबंधित, बाई."

तिथंच माझा धीर सुटला. हे वाक्य मी स्वतः हजारदा टाइप केलं होतं. त्याच्या आत माणूस नसतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी अप्पांना सांगितलं, जाते. त्यांनी नुसता हात हलवला. मी बाजाराकडं पळत सुटले.

दाजी टरबुजांच्या ढिगाशेजारी बसून गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होते. मी सांगितलं तर आधी त्यांनाही खरं वाटेना. "पाणी? आत्ता?" मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ढीग तसाच टाकून उठले. ज्या मेटाडोरनं माल आणला होता तिच्यातच आम्ही बसलो. पेडगाव मागं पडलं तशी रस्त्यानं मोर्चाहून परतणारी माणसं दिसायला लागली, हातात झेंडे, अंगावर धूळ. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि काच वर घेतली. त्या दिवसांत कोण कुठं दगड घेऊन उभा असेल याचा नेम नव्हता, दोन्हीकडची माणसं एकमेकांना भिऊन होती. मी पदर तोंडावर घेतला. कुणी दगड मारला नाही. एक म्हातारी काचेवर बोटं वाजवून म्हणाली, "बाई, पाणी हाय का घोटभर?" मी तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली, तांब्या परत देताना म्हणाली, "सुखी ऱ्हा."

दाजी सगळ्या रस्त्यात एकच वाक्य म्हणत होते. "आई हाय की तिच्याजवळ. आई हाय की."

गाव आलं. गाव रिकामं. सगळं गाव गंगेच्या काठावर, आणि मला लांबूनच हलगी ऐकू आली. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, निरोप पोचला, माणसं गोळा झाली, काढलं असेल सगळ्यांना. आम्ही पळतच काठावर गेलो. तिथं बायका नटूनथटून उभ्या होत्या. हातात ताटं, ताटात खण, नारळ, हळदकुंकू. गंगेची ओटी भरायला आल्या होत्या! मे महिन्यात गंगामाय येतीय म्हटल्यावर कोण घरी बसेल?

एक म्हातारे गृहस्थ पुढं होते. दाजींनी त्यांचा दंडच धरला. "वाळूतली माणसं वर आली का?"

"आली असतील की. दवंडी दिली ना कोतवालानं. पोलीस आला होता सायकलीवर, त्यानं सांगितलं तशी लगीच दिली."

"कुठं दिली?"

"कुठं म्हंजी? चावडीवर. तिथंच देत असतेत."

चावडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी पात्राकडं वळून बघितलं. लांब, मधोमध, बेटावर झोपडी होती. तिच्यातून धूर निघत होता. चूल पेटली होती. संध्याकाळच्या भाकरी चालल्या होत्या.

आणि अलीकडच्या धारेत पाणी आलं होतं. मला वाटलं होतं पाणी गर्जत येईल, येलदरीला ऐकलं तसं. ते काही आवाज न करता आलं. पुढं फेस, फेसात काड्या, पालापाचोळा, आणि मागं गढूळ चादर पसरत चालली होती. बायकांनी हात जोडले. हलगी जोरात वाजायला लागली. मी "अक्काऽऽ" म्हणून बोंबलले, पण वारा आमच्याकडं तोंड करून होता आणि हलगी वाजतच होती. मी त्या वाजवणाऱ्याच्या हातातली हलगी हिसकून वाळूत फेकली. "वाजवता काय, मुडद्यांनो! तिथं माणसं आहेत!"

तेव्हा कुठं लोकांनी बेटाकडं बघितलं. खरं सांगते, तोवर कुणी बघितलंच नव्हतं. सगळे पाण्याकडं बघत होते.

दाजी कधीच पाण्यात घुसले होते. गुडघ्याएवढ्यातून पळत, मग मांडीएवढ्यातून रेटत. मागून गावातले चार-पाच गडी धोतरं खोचून गेले, कुणीतरी बैलगाडीचा दोर घेतला. मी काठावर उभी होते. मला पोहता येत नव्हतं, आणि येत असतं तरी मी गेले नसते, एवढी भ्याले होते. मी नुसती 'देवा, देवा' म्हणत होते आणि कुठल्या देवाला म्हणतेय तेही कळत नव्हतं. बेटावर दाजी पोचलेले दिसले. झोपडीतून अक्का बाहेर आली, एक हात कमरेवर. सासूबाई हातवारे करत होत्या. नंतर अक्कानं सांगितलं, त्या म्हणत होत्या, "उन्हाळ्यात गंगंला पाणी? बाजारात काय पिऊन आलास का?" तेवढ्यात पाणी त्यांच्या चुलीत शिरलं.

अक्काला बाजेवर बसवलं आणि चौघांनी बाज खांद्यावर घेतली. दाजींच्या कमरेला दोर, दोराला धरून सासूबाई. धारेच्या मध्यावर आले तेव्हा पाणी गड्यांच्या छातीला लागलं होतं आणि बाज एका बाजूला कलली. अक्का दोन्ही हातांनी बाजेच्या कडा धरून होती. पाण्याला कधी न भिणारी माझी अक्का डोळे गच्च मिटून बसली होती. ते बघितलं आणि मी खाली बसले. मागं बेटावर बांधलेली शेळी ओरडत होती. कुणाला तिला सोडायचं सुचलं नाही. थोड्या वेळानं तिचा आवाज थांबला, आणि वाडीतली टरबुजं एकेक करून वर आली, हिरवीगार, आणि रांगेनं वाहत निघाली.

बाज काठावर टेकली. सगळे धापा टाकत होते. सासूबाई वाळूत बसून आपल्या तोंडात मारून घ्यायला लागल्या. मी अक्काला मिठी मारली, पोटावर हात ठेवला, आत हालचाल लागली तशी मी हंबरडाच फोडला. बायका भोवती जमल्या. ताटं हातात तशीच होती, काय करावं कुणाला कळेना. मग एक वयस्क बाई पुढं आली आणि गंगेसाठी आणलेला खण-नारळ तिनं अक्काच्या ओल्या पदरात घातला. कुंकू लावलं. कुंकू ओल्या कपाळावरून ओघळलं, तिनं ते अंगठ्यानं पुसलं आणि परत लावलं. दुसरीनं घातला, तिसरीनं घातला.

अक्काचे दात कडकड वाजत होते. ती माझ्याकडं वळली.

"तू कशी आलीस गं?"

"कचेरीत निरोप आला होता. पाणी येणार म्हणून."

"कवा?"

"दुपारी. जेवायच्या आधी."

तिनं मागं बघितलं. झोपडी दिसत नव्हती. मग हळू आवाजात, रागानं नव्हे, नुसतं समजून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "मंग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं की गं अक्का. लगेच सांगितलं."

"कुणाला?"

मी तोंड उघडलं. बारनिशी, टंचाईचं टेबल, अप्पा, वायरलेस, ठाणं, सायकलवाला पोलीस, कोतवाल, चावडी. एवढ्या जणांना सांगितलं होतं. एकानंही ते दाबून ठेवलं नव्हतं, प्रत्येकानं पुढं दिलं होतं. तरी अक्काला ते चुलीत पाणी शिरल्यावर कळलं. मी तिच्या पदरातले नारळ सावरत बसले.

पोरगी माझ्याकडंच झाली, परभणीला, मी मांडून ठेवलेल्या बाजेवर. सुखरूप. आता ती पुण्याला कंपनीत आहे, दिवसाकाठी ढीगभर मेल पाठवते, आणि मला हसते. "मावशी, मेल केलास ना? मग फोन कशाला?"

मी तिला म्हणते, तुझ्या आईला विचार.